पात्याची जाडी : एका आकड्याची चिकित्सा

हाताने घडवलेल्या चाकूंच्या विक्रीच्या याद्या वाचल्या किंवा दोन संग्राहकांचे बोलणे कानावर पडले, की एक आकडा हटकून भेटतो : पाते किती मिलिमीटर जाड आहे. लांबी, पोलादाची जात, मुठीचे लाकूड यांचाही उल्लेख असतो. पण आवाज चढतो तो जाडीपाशी. ‘साडेतीन’ म्हटले की समोरचा मान डोलावतो, ‘पाच’ म्हटले की चाकू हातात मागून घेतो, आणि ‘सहा’ म्हटले की किंमत विचारतो. प्रस्तुत लेखात मला या आकड्याचीच चिकित्सा करायची आहे. तो आला कुठून, तो खरोखर काय सांगतो, आणि त्याच्या भरवशावर चाकूची पारख करताना आपण काय गमावतो, हे पाहायचे आहे.

विषयाची मर्यादा आधीच सांगतो. स्वयंपाकघरातली सुरी, लढाईतला खंजीर किंवा संग्रहालयातली कट्यार इथे अभिप्रेत नाही. रानात, डोंगरात, मुक्कामाच्या जागी लाकूड तासायला, दोर कापायला, जळणाच्या झिलप्या काढायला, भाजी चिरायला जो कमरेला लावतात तो स्थिर पात्याचा चाकू, एवढाच विषय. सोयीसाठी त्याला मी ‘रानचाकू’ म्हणेन. असे चाकू मी गेली अनेक वर्षे जमवतो आहे. संग्रह छोटा आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. धातूंविषयी जे काही कळते ते जुनी पुस्तके, लोहारांच्या भट्टीपाशी काढलेले तास आणि एक व्हर्निअर कॅलिपर यांनी शिकवले आहे. त्यामुळे इथली विधाने वाचकांनी शक्य तिथे स्वतः मोजून पाहावीत.

तक्रार जुनीच आहे

जाड पात्याचे वेड आजचे आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याविरुद्धची तक्रार सुमारे एकशे चाळीस वर्षे जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा एक लेखक होऊन गेला. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो लिहीत असे. चणीने लहान, प्रकृतीने नाजूक; त्यामुळे पाठीवर कमीत कमी ओझे कसे न्यावे हा त्याच्या जगण्याचाच प्रश्न होता. १८८३ साली जे. हेन्री रश्टन या नावाड्या कारागिराने त्याच्यासाठी जेमतेम साडेदहा पौंड वजनाची, म्हणजे पाच किलोंहूनही हलकी होडी बांधली आणि ती घेऊन तो अ‍ॅडिरॉन्डॅकच्या तळ्यांमधून हिंडला. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, त्याचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आले. बाजारात ‘शिकारी चाकू’ म्हणून जे विकले जाते ते जाड, बोजड, दिसायला भयंकर आणि कामाला निरुपयोगी असते, अशी त्याची तक्रार या पुस्तकात आहे. अशी हत्यारे स्वस्त कादंबऱ्यांत शोभतात, शिकाऱ्याच्या कमरेला नाहीत, असे त्याचे म्हणणे. स्वतः तो तीन वस्तू बाळगी : दुहेरी पात्याची छोटी कुऱ्हाड, पातळ पात्याचा कमरेचा चाकू आणि खिशातला घडीचा चाकू.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १९०६ मध्ये, होरेस केफर्टचे वनजीवनावरचे पुस्तक आले. केफर्ट मूळचा सेंट लुईसमधला ग्रंथपाल. संसार आणि नोकरी मागे टाकून तो ग्रेट स्मोकी पर्वतरांगेत जाऊन राहिला. त्यानेही तीच तक्रार केली : हे चाकू लाकूड तासायला जाड, कातडे सोलायला जाड, आणि जेवणाच्या कामाला अडचणीचे. पेनसिल्व्हेनियातल्या कोलक्लेसर बंधूंनी त्याच्या कल्पनेप्रमाणे केलेला साधा, सरळ चाकू आज ‘केफर्ट’ याच नावाने ओळखला जातो. जगभरचे कारागीर अजून तो करतात, आणि गंमत अशी की त्यांतले कित्येक तो जाड पट्टीतून करतात.

या दोघांच्या तक्रारीत वाङ्मयाच्या वाचकाने थांबून पाहावे असे काही आहे. नेसमुकच्या मते दोष कादंबरीचा होता. जेम्स बोवी १८२७ मध्ये मिसिसिपीच्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या मारामारीने गाजला आणि १८३६ मध्ये अलामोच्या वेढ्यात मेला. त्याच्या नावाचा चाकू त्यानंतर वर्तमानपत्रे आणि कथांमधून इतका वाढला, की इंग्लंडातल्या शेफिल्डचे कारखाने अमेरिकेसाठी ‘बोवी’ चाकू भराभर पाठवू लागले. म्हणजे जाड पाते रानातल्या कामातून घडलेले नाही. ते आधी गोष्टीत आले, मग दुकानात, आणि शेवटी कमरेला.

गणित काय म्हणते

जाडीचा फायदा काहीच नाही असे म्हणणे चुकीचे होईल. म्हणून थोडे गणित पाहू. पाते आडवे वाकवायला लागणारे बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तीन मिलिमीटरचे पाते आणि त्याच आकाराचे चार मिलिमीटरचे पाते घेतले, तर २७ ला ६४ असे प्रमाण पडते. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढले, पण ताठपणा जवळजवळ २.४ पट झाला. पाच मिलिमीटरला तो साडेचार पटींहून अधिक होतो. संग्राहकाला हाताने दाबून पाहताना जो ‘दम’ जाणवतो तो हाच.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा ताठपणा फक्त आकारावर अवलंबून असतो. पोलाद महाग असो की स्वस्त, कठीण केलेले असो की मऊ, त्याच आकाराचे पाते थोडे वाकवायला जवळपास तेवढेच बळ लागते. पाणी देण्याचा, म्हणजे तापवून झटकन थंड करण्याचा आणि मग पुन्हा थोडे तापवून कठीणपणा उतरवण्याचा परिणाम पुढच्या टप्प्यावर दिसतो : पाते किती वाकल्यावर वाकडेच राहील आणि किती वाकल्यावर तुटेल. त्यामुळे दाबून न वाकणाऱ्या जाड पात्यावरून कारागिराच्या भट्टीतल्या कौशल्याविषयी काहीही कळत नाही. उलट, दोन पाती एकाच वळणात वाकवली तर जाड पात्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त पडतो. जाड पाते वाकवणे अवघड असते, हे खरे. पण एकदा वाकू लागले की आधी तडकण्याचा धोका त्यालाच अधिक.

आता धारेकडे येऊ, कारण चाकू पाठीने कापत नाही. समजा पाते २५ मिलिमीटर रुंद आहे आणि पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार घासलेला आहे. पाठ तीन मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजूंच्या उतारांमधला कोन सुमारे ७ अंश होतो. पाठ पाच असेल तर साडेअकरा अंश, आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ असेल तर साडेचौदा अंश. बटाटा चिरताना फोड तडकून वेगळी होते की सुबक कापली जाते, ते या कोनावर ठरते. टोकाची बारीक धार सगळ्यांची सारखीच लावली तरी पाचरीचा हा जाडपणा लपत नाही.

उत्तर युरोपातल्या चाकूंना पाठीपासून उतार नसतो. पाते बहुतेक रुंदीत सपाट राहते आणि धारेजवळ दोन्हीकडून एकच रुंद उतार असतो. हा उतार लाकडावर टेकवला की तोच रंध्यासारखा हाताला वाट दाखवतो. तिथे जाडी वाढली की वेगळीच पंचाईत होते. उतारांमधला कोन २५ अंश ठेवायचा तर अडीच मिलिमीटरच्या पात्याला उताराची रुंदी साडेपाच मिलिमीटरच्या जवळपास पुरते. चार मिलिमीटरला ती नऊ होते, पाचला अकराच्या वर जाते. चाकूला धार लावताना तेवढे सगळे पोलाद दगडावर घासावे लागते. जाडी दुप्पट केली की संध्याकाळी शेकोटीपाशी बसून करायची मेहनतही दुप्पट.

हा आकडा मुळात कुणाचा?

बाजारातले आकडे नीट पाहिले तर ते सलग नसतात. ३.२, ४, ४.८, ६.३५ असे टप्पे पुन्हा पुन्हा येतात. इंचांत मांडले की उलगडा होतो : एक अष्टमांश, पाच बत्तिसांश, तीन षोडशांश आणि पाव. पोलादाच्या गिरणीतून लाटून येणाऱ्या पट्ट्यांची ही मापे आहेत. म्हणजे ज्या आकड्याला आपण कारागिराची निवड समजतो, तो बहुतांशी गिरणीने आधीच ठरवलेला असतो.

याला एक इतिहास आहे. बॉब लव्हलेस या अमेरिकी कारागिराने १९५० च्या दशकात काम सुरू केले आणि पुढच्या काळात ऐरणीशिवाय, तयार पट्टी कापून आणि फिरत्या पट्ट्यावर घासून चाकू करण्याच्या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याचे खाली झुकत्या टोकाचे शिकारी चाकू आज संग्राहकांच्या जगात अतिशय महाग आहेत, आणि ते योग्यच आहे. त्याची घासणी अप्रतिम होती. पण त्याच्यामागून आलेल्या असंख्य जणांनी पद्धत घेतली आणि घासणी सोडून दिली. घण मारून घडवलेल्या पात्यात पोलाद सरकते. लोहार ते मुठीपाशी भरीव ठेवतो, टोकाकडे निमुळते करत नेतो. अशा पात्याची जाडी किती, याला एका आकड्यात उत्तर नसते. पट्टीतून कापलेले पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे निघते. ते निमुळते करायचे तर मुद्दाम घासावे लागते, वेळ जातो, पोलाद भुकटी होऊन उडते. शिवाय पातळ पाते पाणी देताना वाकडे होण्याची भीती असते. जाडी राखली की भट्टीची धाकधूक कमी आणि घासण्याचे कामही कमी. मग तीच बचत ‘दणकट’ या विशेषणाखाली गिऱ्हाइकाला विकता येते.

मी प्रत्येक जाड चाकूला कामचुकार म्हणत नाही. पाच मिलिमीटरच्या पट्टीतून धारेपाशी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवलेले, टोकाकडे निमुळते केलेले पाते हे कष्टाचेच काम आहे. मुद्दा असा, की ‘पाच’ हा आकडा त्या कष्टाच्या चाकूलाही लागतो आणि धारेपाशी मिलिमीटरभर जाड सोडून दिलेल्या चाकूलाही. दोघांत फरक न करणारे माप पारखीला काय कामाचे?

ऐरणीवर काम करणाऱ्यांनी याचे एक उत्तर शोधले होते. १९७६ मध्ये विल्यम मोरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ स्थापन केली. तिच्या परीक्षेत उमेदवाराने स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने चार गोष्टी कराव्या लागतात. लोंबता एक इंची दोर एका घावात तोडायचा, बांधकामातला लाकडी फाळका दोनदा आरपार तोडायचा, तरीही शिल्लक राहिलेल्या धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पाते शिकंज्यात धरून नव्वद अंश वाकवायचे; ते तुटता कामा नये. लांबी आणि रुंदी यांना कमाल मर्यादा आहे. बाकी पात्याचा उतार आणि पाणी कसे राखायचे, हे उमेदवाराने ठरवायचे. नुसती जाडी वाढवून ही परीक्षा पार होत नाही, कारण पहिली आणि तिसरी अट पातळ धार मागते आणि चौथी अट नेमके पाणी. चांगली समीक्षा अशी असावी : कृतीकडून एकाच वेळी परस्परविरोधी मागण्या करणारी.

एकट्या माणसाचा चाकू

जाड पात्याच्या बाजूने एक युक्तिवाद वजनदार आहे. पावसात भिजलेल्या रानात कोरडे लाकूड ओंडक्याच्या पोटातच मिळते. कुऱ्हाड नसेल तर चाकू ओंडक्यावर ठेवून पाठीवर दांडक्याने ठोके घालत तो फोडावा लागतो. तिथे जाड पाठ पाचरीचे काम करते आणि पिळवटला तरी चाकू टिकतो. उत्तरेकडच्या थंडीत आग पेटणे न पेटणे हा जिवाचा प्रश्न असू शकतो. स्वीडिश हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी स्वीकारलेला फॉलक्निवेनचा ‘एफ १’ साडेचार मिलिमीटर जाड आहे, आणि त्याला कारण आहे : विमानातून उडी घेतलेल्या माणसाजवळ दुसरे हत्यार नसते.

पण आपल्यापैकी कितीजण विमानातून उडी घेतात? १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटासाठी आर्कान्सामधल्या जिमी लाइल याने पाठीला करवतीचे दाते असलेला मोठा चाकू केला. पुढच्या दशकांत रानचाकूची कल्पनाच त्या सावलीत वाढली : एक माणूस, एक चाकू, आणि सगळे जग विरुद्ध. मला हे नेसमुकच्या तक्रारीचे पुढचे प्रकरण वाटते. फरक इतकाच, की स्वस्त कादंबरीच्या जागी पडदा आला. नेसमुकची तीन हत्यारे पाहा. त्याने ओझ्यातला औंस न् औंस मोजला, तरी फोडण्याचे, तासण्याचे आणि बारीक कामाचे हत्यार वेगळे ठेवले. एकाच पात्याने सगळे करायचे ठरले की ते पाते जाड होत जाते आणि रोजच्या कामात प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे कमी पडते. स्वीडनमधल्या मोरा गावाच्या कारखान्याचा अडीच मिलिमीटरचा अगदी स्वस्त चाकू तासण्याच्या कामात अनेक महागड्या हातघडणीच्या चाकूंना लाजवतो, हे संग्राहकांना ठाऊक आहे. ते मोठ्याने बोलले मात्र जात नाही.

फिनलंडचा पुक्को आणि आपला कोयता

फिनलंडच्या पश्चिमेला कौहावा हे गाव पुक्को या छोट्या चाकूसाठी प्रसिद्ध आहे. इसाक्की यार्व्हेनपा याचा कारखाना तिथे १८७९ मध्ये सुरू झाला. त्याच प्रदेशात एकोणिसाव्या शतकात चाकूबाज गुंडांच्या टोळ्यांनी दहशत बसवली होती, आणि पुक्कोला त्यांचे नाव चिकटले. तरीही पुक्को शस्त्राच्या आकाराकडे झुकला नाही. तो लाकूड तासणाऱ्याच्या तळहाताएवढाच राहिला, कारण त्याचे खरे गिऱ्हाईक रोज लाकूड तासत होते.

हे वाचताना मराठी माणसाला कोयता आठवल्यावाचून राहत नाही. शहरातल्या बातम्यांत तो आता गुन्ह्याचे हत्यार म्हणूनच भेटतो. पण कोकणात माडाखाली, काजूच्या बागेत काम करणारा माणूस तो कमरेच्या आकडीत अडकवून दिवसभर वावरतो. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून लोहाराने घडवलेला एक कोयता माझ्या संग्रहात आहे. मुठीपाशी त्याची पाठ चांगली भरीव आहे. वाकाच्या पुढे ती उतरत जाते आणि टोकाला जवळपास निम्मी होते. हे घडवणाऱ्याला मी जाडी विचारली तेव्हा त्याने उलट विचारले, ‘दादा, खयची जाडी?’ या लेखात मी जे सांगतो आहे ते सगळे त्याच्या त्या दोन शब्दांत आहे.

कायद्याची नजरही इथे नोंदण्यासारखी आहे. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत, २०१६ च्या, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे वगळली आहेत. तिथे लांबी आहे, रुंदी आहे आणि उपयोगही आहे. जाडी नाही. संग्राहकाला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे माप कायदा करणाऱ्यांना दखलपात्रही वाटले नाही, आणि संग्राहक जे विचारत नाही तो उपयोग त्यांनी विचारला.

मग पारख कशी करावी?

मी तीन ठिकाणी मोजतो. पहिले, मुठीच्या अगदी पुढे पाठीवर. दुसरे, टोकापासून बोटभर अलीकडे, पुन्हा पाठीवर. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, बारीक धार जिथे सुरू होते त्याच्या लगेच वर. पहिला आकडा बहुधा गिरणीचा असतो. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक सांगतो, की कारागिराने टोकाचा विचार केला की नाही. तिसरा आकडा त्याची हिंमत सांगतो : पाणी दिल्यानंतर किती खाली उतरायला तो धजला. सरळ उताराच्या रानचाकूला तिथे अर्धा मिलिमीटर असेल तर मला समाधान वाटते. एक मिलिमीटर असेल तर ते हत्यार कुऱ्हाडीकडे झुकलेले आहे, आणि तसे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. मग मी एक गाजर उभे चिरतो आणि वाळकी काठी तासून तिच्यावर आगीसाठी लांब, कुरळ्या झिलप्या राखतो. चिरताना गाजर तडकले, किंवा झिलप्या तुटून पडल्या, तर पाठीची जाडी कितीही रुबाबदार असो.

नवशिक्याने जाडी निवडायची झाल्यास माझा सल्ला साधा आहे. सोबत कोयता किंवा छोटी कुऱ्हाड असेल तर अडीच ते तीन मिलिमीटर पुरे. एकाच चाकूवर भिस्त असेल तर साडेतीन ते चार. पण तो टोकाकडे निमुळता हवा. त्यापुढे जायचे असेल तर कोणत्या कामासाठी, हे आधी स्वतःला सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर आपण चाकू घेत नसून गोष्ट विकत घेत आहोत. गोष्ट विकत घेण्यात पाप नाही. दिवाळी अंकाच्या वाचकाला तसे कोण म्हणेल? मात्र ती लोहाराच्या कष्टाच्या भावाने घेऊ नये.

कारण शेवटी नुकसान कारागिराचे होते. आपल्याकडेही आता भट्टी पेटवून रानचाकू घडवणारे काही हात तयार होत आहेत. घिसाडी आणि लोहार घरांतले जुने हात अजून पुरते थकलेले नाहीत. पातळ पाते सरळ ठेवून पाणी देणे, ते धारेपाशी कागदासारखे उतरवणे आणि तरीही ते तुटू न देणे, हे त्यांचे खरे विद्याधन आहे. जाडीला पैसे मोजणारा बाजार त्यांना हेच सांगतो, की ही विद्या अनावश्यक आहे, पट्टी कापा आणि मूठ चमकवा. वीसेक वर्षे असे सांगत राहिले की विद्या जाते, आणि मग संग्राहकाकडे जाड पोलाद तेवढे उरते. म्हणून संग्राहकांना एक विनंती : पुढचा चाकू हातात आला की किती जाड हे विचारू नका. कुठे, किती आणि का पातळ केला, हे विचारा. ज्याने ते जाणूनबुजून केले असेल त्याच्याकडे त्याचे उत्तर तयार असते.